पहिल्या रांगेचा अपमान

१ मे, सकाळी, चहानंतर

सलाम, वही. कशी आहेस? कागद जरा पातळ दिसतोय, पण सुधारेल. आता रोज काहीतरी पोटात जाईल. बुसारा, म्हणजे आमची म्हातारी, कशी आहे? गुडघा सोडला तर बरी. जीभ गुडघ्याचीही भरपाई करते. तांबडी घोडी? गाभण आहे, चिडचिड करते, आपण लांबून विचारावं. जर्दाळूची झाडं? एप्रिलच्या हिमात तिघांचा मोहर गेला, बाकीची खुशाल. बिश्केकचा मुलगा मिर्लान, सूनबाई, नात आयझान आणि तिचा अकरा महिन्यांचा एमिर? सगळे मजेत. एमिर धरून उभा राहतो. शेजारचा सातारकुल टॅक्सीवाला? ठणठणीत. त्याला काय धाड भरलीय. मी? वय चौऱ्याहत्तर, दात नऊ, रक्तदाब डॉक्टर म्हणतो जास्त आहे. जास्त असणारच. माझा अपमान झाला आहे.

तब्येती झाल्या. आता काम.

बातकेन ते बिश्केक, अक-तुर्ना कंपनीचं विमान. पंधरा वर्षं इमानाने त्याच विमानात बसलो. दुसऱ्या कंपनीकडे मान वर करून पाहिलं नाही. (चौदा वर्षं दुसरी कंपनी नव्हती, हा भाग वेगळा.) आणि दर वेळी जागा एकच. शेवटची रांग, खिडकी. दार पुढे, मी सर्वांत मागे. आपल्या घरात दारापासून सर्वांत लांब कोण बसतो? वडीलधारा. तोरवर. आणि दाराला चिकटून? नवी सून, कारण तिला चहासाठी उठबस करायची असते. हे शेंबड्या पोरालाही कळतं.

तोरचा मान लोक विमानातही ठेवत. शेवटच्या रांगेत दुसरं कोणी बसायला धजत नसे. तिकीट काढतानाच सांगत, ती रांग सोडून कुठलीही द्या. आणि विमान वर गेलं की एकेक जण उठून माझ्यापाशी येई. कधी कधी चार-चार जणांची रांग लागे. मी प्रत्येकाची तब्येत विचारायचो. काही जण फार घाईत उत्तर द्यायचे, पण द्यायचे.

चोवीस एप्रिलला काउंटरवरची नुर्झामाल हसत हसत म्हणाली, आजोबा, चाळीस फेऱ्या झाल्या तुमच्या, हे घ्या सोनेरी कार्ड, आणि आजपासून तुम्हाला पहिली रांग. मी आत गेलो. पाहतो तर दार, आणि दाराला लागून मी. नव्या सुनेच्या जागेवर! चढणाऱ्या प्रत्येकाची पिशवी माझ्या दाढीवरून गेली. परत येतानाही तेच. एकदा झालं असतं तर चूक म्हटलं असतं. दोनदा म्हणजे ठरवून.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज दाराशी बसवलं, उद्या पंखावर बसवतील.

संकल्प: सूड. सविस्तर उद्या.

२ मे

सविस्तर राहिलं. बागेला पाणी होतं.

३ मे, दुपारी

सूड घ्यायचा, पण न्यायाने. चाळीस वर्षं या गावचा पाटकरी होतो; कुणाच्या शेताचं दार ऐकीव गोष्टीवरून बंद केलं नाही. म्हणून दोन वाडगे घेतले. एकात कंपनीचे गुण, एकात दोष. प्रत्येकाला जर्दाळूची एक बी. मग तोलून ठरवायचं, इमान ठेवायचं की सोडायचं.

दोष. दाराशी बसवलं: एक बी. परत बसवलं: दुसरी. पाणी अर्धा पेला देतात: तिसरी. अर्ध्या पेल्याने शेतकऱ्याला पाणी दिलं असतं तर गावाने मला पाटात बुडवलं असतं. बिस्किट पूर्वी दोन घासांचं होतं, आता एका घासाचं: चौथी.

गुण. तेराव्या साली मी नमाज पढत होतो तेव्हा विमान दहा मिनिटं थांबलं होतं. बुसाराला वादळात भीती वाटली तेव्हा विमानातल्या मुलीने तिचा हात धरला होता, उतरेपर्यंत. जर्दाळूची पेटी कधी अडवली नाही. एकदा पेटी फुटली आणि सगळं विमान जर्दाळू गोळा करत होतं. वैमानिकाच्या खोलीतूनसुद्धा तीन आले. एकदा माझा चष्मा राहिला तर पुढच्या विमानाने परत आला, पुसून. असं करता करता अकरा बिया झाल्या.

अकरा विरुद्ध चार. पद्धतच चुकली. मोजायचं नसतं, तोलायचं असतं. अपमान जड असतो. दोषाच्या वाडग्यातल्या बिया काढून चार अक्रोड ठेवले. आता बरोबर.

३ मे, संध्याकाळी

बुसाराने दोन अक्रोड खाल्ले. विचारलं तर म्हणाली, वाडग्यात ठेवले होतेत ना, मला वाटलं शहाणपण सुचलं.

४ मे

मिर्लानचा फोन. एमिरने काल तीन पावलं टाकली! म्हणजे तुशो, दोरी कापायचा समारंभ, करायला हवा. शनिवारी, अठरा तारखेला, दुपारी बारा वाजता. दोनशे माणसं. मिर्लान म्हणाला, बाबा, दोरी तुम्हीच कापायची, आयझानने सासरी तसं सांगून ठेवलंय.

डोळ्यांत पाणी आलं. वहीपासून काय लपवायचं. पोराच्या पायाला काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची, ती ज्याच्या हातून कापली जाईल त्याची चाल पोराला मिळते. मिर्लानची दोरी कापायच्या वेळी मी पाटावर होतो, पूर आला होता. सातारकुलच्या बापाने कापली. मिर्लान अजून खांदे पाडून चालतो. आयझानच्या वेळी हॉस्पिटलात. हा शेवटचा. माझी चाल संथ, ताठ, हात पाठीशी. गावात कुणाचीच नाही तशी. ती वाया जाऊ द्यायची नाही.

दोरीची लोकर आपल्याच मेंढ्यांची. बुसारा वळायला बसली. दोरी मी स्वतःच्या खिशातून नेणार.

बुसारा म्हणाली, तिकीट काढून घ्या. मी म्हणालो, अक-तुर्नाने माफी मागितल्याशिवाय त्यांच्या शिडीवर पाय ठेवणार नाही. तिने दोरी वळायची थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वळायला लागली.

कंपनीकडे चौदा दिवस आहेत. पुष्कळ झाले.

६ मे

पत्र लिहिलं. सरळ मागणी: जुन्या रिवाजाप्रमाणे वडीलधाऱ्याच्या अपमानाचा दंड म्हणजे एक घोडा आणि एक कोट. घोडा चार वर्षांचा, कोट अस्तराचा. तो अध्यक्षांनी स्वतः येऊन माझ्या खांद्यावर घालावा. येताना उपाशी येऊ नये असं नाही. जेवण आमच्याकडे होईल. शत्रू झाला तरी पाहुणा.

सातारकुलला वाचून दाखवलं. म्हणाला, अक्साकाल (म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा, म्हणजे मी), विमानवाले घोडा कुठून देणार? फार तर एक चाक देतील. त्यापेक्षा माझ्या टॅक्सीतून चला. मी म्हणालो, तुझ्या टॅक्सीतून माणसं जिवंत पोचतात पण म्हातारी होऊन. तो म्हणाला, तुम्हाला त्याचं काय, तुम्ही तर झालेलेच आहात.

पत्र सातारकुलच्या सुनेने फोनमधून धाडलं. म्हणाली, आजोबा, तक्रारीच्या चौकटीत एवढंच मावतं, कोटाचं अस्तर कापावं लागलं.

७ मे, सकाळी ९

उत्तर आलं! एका रात्रीत. मेसेज असा: आपला संदेश मिळाला. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. तक्रार क्रमांक ४१७.

नाक दाबलं की तोंड उघडतं. मोलाचं, असं स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. म्हणजे दंड मान्य, फक्त घोडा कुठला यावर चर्चा चालली असणार. घोडीशेजारी एक खुंटा ठोकून ठेवला.

९ मे

विजयदिनाचा कार्यक्रम शाळेच्या पटांगणात. मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं, महायुद्धात गेलेल्या काकांबद्दल. काकांबद्दल बोललो. मग म्हणालो, काका शत्रूपुढे वाकले नाहीत, आपणही वाकायचं नाही, आजपासून गावातल्या कुणीही अक-तुर्नाच्या विमानात बसायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यांनी! गणिताच्या बाईंनी नाही केला.

बुसारा घरी येताना म्हणाली, या गावात विमानात बसणारी तीनच माणसं, तुम्ही, मी आणि गणिताच्या बाई. मी म्हणालो, गावाची एकी महत्त्वाची.

कंपनीला आतापर्यंत कळलं असेल.

१० मे

कळलं! मेसेज आला: उन्हाळ्यानिमित्त आपल्या खात्यात तीनशे पॉइंट भेट. लाच. मी विकाऊ नाही. खुंटा जरा सैल होता, परत ठोकला.

११ मे

स्वतः विमानतळावर गेलो. आता दुसरी कंपनी आहे, आल्तिन-शामाल. हिरवी पाटी. तिथेच तिकीट काढायचं आणि अक-तुर्नाच्या डोळ्यांदेखत.

अक-तुर्नाच्या काउंटरमागे नुर्झामाल, गळ्यात निळा रुमाल. तिच्याकडे बघितलंही नाही. शेजारच्या हिरव्या काउंटरवर जाऊन उभा राहिलो. तिथे कोणी नव्हतं. नुर्झामालने निळा रुमाल काढला, हिरवा बांधला, दोन पावलं सरकली आणि म्हणाली, आल्तिन-शामालमध्ये आपलं स्वागत आहे.

मी म्हणालो, बाई, शेजारच्या कंपनीने माझा घोर अपमान केलाय. ती म्हणाली, कोण, ती निळी? तिच्या मनात तसं काही नसेल हो, आजोबा. मी म्हणालो, असेल किंवा नसेल, मला शेवटची रांग पाहिजे. म्हणाली, आजोबा, एक सांगू का, त्या पहिल्या रांगेत उलट तुमचा— मी तिला तिथेच थांबवलं. शत्रूची वकिली नको. शेवटची रांग, खिडकी, गुरुवार, सोळा तारीख. मिळाली.

मुलगी गुणी आहे. हिरव्या कंपनीत तरी कदर होईल तिची.

सूड पूर्ण. आता फक्त बसायचं बाकी.

१३ मे

अक-तुर्नाचा मेसेज: आपले पॉइंट ३१ मे रोजी संपत आहेत. ही धमकी. पंधरा वर्षांचं इमान एका महिन्याअखेर संपवणार! सोनेरी कार्ड बुसाराच्या हातात दिलं, म्हटलं, घाल चुलीत. थोड्या वेळाने विचारलं तर म्हणाली, चूल विझली होती, म्हणून पर्समध्ये टाकलं.

वाडगे परत पाहिले. दोषाच्या वाडग्यात एक अक्रोड उरलाय. गुणाच्या बिया अकराच्या चौदा झाल्यात. विचारलं नाही. घरात फितुरी आहे.

१५ मे

दोरी झाली. सुंदर. काळा धागा रात्रीसारखा, पांढरा माझ्या दाढीसारखा. कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, वरून सेफ्टी पिन. कात्री बिश्केकला आहे. चालीचा सराव केला, अंगणात सात फेऱ्या. घोडीने मान वळवून पाहिलं.

१६ मे, दुपारी २

लिहून ठेवलं पाहिजे.

दहाचं विमान. हिरवं तिकीट, मागची रांग, सगळं बरोबर. बाहेर आलो. विमान उभं. शेपटीवर पांढरा बगळा. अक-तुर्नाचा बगळा!

नुर्झामालला विचारलं हे काय. तिच्या गळ्यात या वेळी दोन्ही रुमाल होते. म्हणाली, आजोबा, हिरव्यांचं विमान दुरुस्तीला गेलंय, त्यांनी निळ्यांकडून मागून घेतलंय, पण जागा तुमचीच आहे, मागची, मी स्वतः बघून आलेय. मी म्हणालो, जागा मागची असेल, पण शेपूट त्यांचं आहे. शिडीवर पाय ठेवणार नाही म्हटलं होतं.

ती म्हणाली, शनिवारी तुमच्या पणतूचा तुशो आहे ना? मी म्हणालो, आहे, म्हणून तर ताठ राहिलं पाहिजे. वाकलेल्या माणसाने दोरी कापली तर पोर काय चालेल?

शिडीखाली उभा राहिलो. आता अध्यक्षांना फोन जाईल असं वाटलं. खिडकीतून वैमानिकाने घड्याळ पाहिलं. एका प्रवाशाने वरून ओरडून विचारलं, अक्साकाल, चढताय का, गरम होतंय. मी त्याची तब्येत विचारली. नुर्झामालने माझा हात धरला, माझ्या मुलीने धरावा तसा, आणि दोनदा म्हणाली, चला ना आजोबा.

दार लागलं. विमान माझ्याशिवाय गेलं.

त्यांचं नुकसान.

१६ मे, संध्याकाळी

बुसारा भांडली नाही. हे बरं नव्हे. भांडते तेव्हा परवडते. फक्त विचारलं, आता कसं जाणार? मी म्हणालो, सातारकुलच्या टॅक्सीने. उद्या सकाळी निघून परवा बाराच्या आत. दोरी माझ्या खिशात आहे. दोरी पोचल्याशिवाय तुशो होतो का? उशीर झाला तर सगळे थांबतील. तिने विचारलं, आणि मी? मी म्हणालो, तुझ्या गुडघ्याला टॅक्सी झेपणार नाही, आणि सोमवारी बागेची पाण्याची पाळी आहे, तू घर सांभाळ. ती बरं म्हणाली.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा एका शब्दात बरं.

१७ मे, सकाळी ११

सातारकुल सकाळी सहाला निघणार होता. गाडी भरेपर्यंत तो निघत नाही. आता भरली: कांद्याचा व्यापारी, दोन जाडजूड बहिणी आणि मी. सातारकुल म्हणाला, अक्साकाल, बसा तुमच्या तोरवर. मी नीट पाहिलं. गाडीत प्रत्येक जागेला दार आहे. दारापासून लांब अशी एकच जागा, मागची, मधली, जिथे खालून लोखंडी उंचवटा येतो. तिथे बसलो. व्यापाऱ्याने पुढची जागा देऊ केली होती. हसलो मनात.

१७ मे, संध्याकाळी ६, ओश

बहिणी गुणी आहेत पण दोन्ही बाजूंनी झोपतात. मी मध्ये पुस्तकाच्या पानासारखा. पाय बधिर. चालीवर परिणाम होणार नाही, सराव पक्का आहे. मुक्काम सातारकुलच्या मेहुण्याकडे. घरी फोन केला, बुसारा उचलत नाही. घोडीपाशी असेल.

कंपनीला ही हकीकत कळली तर शरमेने मान खाली घालतील.

१८ मे, सकाळी ५

निघालो. सातारकुल म्हणतो दहा तास. म्हणजे दुपारी तीन. समारंभ बाराला. तीन तास माणसं सहज थांबतात; मांस शिजायलाच तेवढा वेळ लागतो.

१८ मे, सकाळी ११:४०

तोक्तोगुलच्या तलावाच्या अलीकडे. पुढे दरड कोसळलीय. दोनशे गाड्या उभ्या. एकच बुलडोझर, त्याचा माणूस नाश्त्याला गेलाय.

१८ मे, दुपारी १:२०

रेंज आली. मिर्लानचा फोन. म्हणाला, बाबा, कुठे आहात? मी म्हणालो, जवळ. त्याने विचारलं, कशाच्या जवळ? मी म्हणालो, तोक्तोगुलच्या. तो म्हणाला, म्हणजे अजून अर्धी वाट बाकी! मग म्हणाला, बाबा, मांस उतरवलंय, व्याही कधीचे बसलेत, पोरगं झोपेला आलंय.

मी म्हणालो, पण दोरी माझ्या खिशात आहे!

पलीकडून ओळखीचा आवाज आला: दुसरी आहे म्हणावं.

बुसारा! बिश्केकमध्ये! फोन हातात घेऊन म्हणाली, काल दुपारच्या विमानाने आले, तुमच्या पॉइंटवर, नुर्झामालने सगळं करून दिलं. मी विचारलं, आणि दुसरी दोरी कुठून आली? म्हणाली, अहो, पन्नास वर्षं तुमच्याशी संसार केलाय, एकच दोरी वळून कसं चालेल?

मी म्हणालो, थांबा. ती म्हणाली, किती? मी बुलडोझरकडे पाहिलं. माणूस अजून चहा पीत होता. सातारकुललाही विचारलं. त्याने गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

मी म्हणालो, कापा.

१८ मे, दुपारी ३

मिर्लानने व्हिडिओ धाडला. दोन्ही बहिणी, कांदेवाला, सातारकुल, सगळ्यांनी माझ्या खांद्यावरून पाहिला. बुसाराने नवा रुमाल बांधलाय. खाली बसायला तिला गुडघ्याने त्रास दिला, पण बसली. दोरी कापली. एमिर उभा राहिला. पहिलं पाऊल, दुसरं, आणि मग जो सुटला तो तुरुतुरु, दोन्ही हात हलवत, सतरंजी ओलांडून थेट मिठाईपर्यंत. बुसाराचीच चाल. बाजाराला उशीर झाल्यासारखी.

मोठी बहीण रडली. मी तिला म्हणालो, रडू नकोस पोरी, दोरी कापली गेली हे महत्त्वाचं. पाच वेळा पाहिला. मग बॅटरी गेली.

१९ मे, संध्याकाळी, बिश्केक

पोचलो. बुसारा नाही. सकाळच्या विमानाने परत गेली. उद्या पाण्याची पाळी. म्हणजे ती वरून गेली तेव्हा मी सुसामिरच्या माळावर गाडी ढकलत होतो.

फोनवर तिने सगळं सांगितलं. तिला पहिल्या रांगेत बसवलं होतं, खिडकीला. म्हणाली, अहो, काय तो मान! विमानात चढणारा एकूण एक माणूस माझ्यासमोर वाकला, सलाम करून पुढे गेला. गणिताच्या बाईसुद्धा. पाणी मागितलं, पूर्ण पेला आणला. पायावर शाल घातली. मी म्हणालो, दार बुटकं आहे, वाकणारच. ती म्हणाली, वाकले ना?

मग म्हणाली, उड्डाणात एकदा मागे जाऊन आले, गरज होती. अहो, तुमची ती तोरची जागा पाहिली. पाठीला पाठ लावून संडास आहे. पंधरा वर्षं तुम्ही तिथे बसून लोकांच्या तब्येती विचारत होतात?

मी म्हणालो, रेंज नाही.

रेंज होती.

२० मे, सकाळी

कंबर धरली आहे. लोखंडी उंचवटा अजून आत आहेसं वाटतं. तरी आज एमिरला माझी चाल शिकवायचं ठरवलं. दोरी कुणीही कापो, शिक्षण वेगळी गोष्ट. अंगणात उभा राहिलो, हात पाठीशी, संथ, ताठ. एमिरने पाहिलं, हसला आणि फाटकाकडे पळाला. मी ताठ चालत मागे गेलो. तो कोंबडीमागे पळाला. मग मीही पळालो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. आयझान खिडकीतून ओरडली, आजोबा, सांभाळून! तासभरात त्याने मला एकदाही पकडू दिलं नाही. शेवटी मी पायरीवर बसलो तेव्हा आपणहून आला, माझ्या मांडीवर आपटला आणि श्वास घेऊन परत गेला.

सातारकुलचा फोन: अक्साकाल, परतीला गाडी उद्या निघते, तुमची मधली जागा राखून ठेवलीय. मी म्हणालो, कळवतो.

२० मे, दुपारी

अक-तुर्नाचा मेसेज. माझ्याच नावाने: आपले सर्व पॉइंट वापरले गेले आहेत. आपला प्रवास कसा झाला? एक ते पाच तारे द्या. बुसारा फोनवर म्हणाली, पाच द्या, आणि घरी या, घोडी आज-उद्यात विणार, ती मला जवळ येऊ देत नाही.

मिर्लान म्हणतो, बाबा, ते मशीन पाठवतं, या नंबरवर उत्तर जात नाही. त्याला काय कळतं. सावकाश जात असेल. पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, ते इथे उतरवून ठेवतो:

सलाम. अध्यक्षसाहेब, तब्येत बरी आहे ना? घरच्यांची? वैमानिकाची? त्याला त्या दिवशी माझ्यामुळे ताटकळावं लागलं. नुर्झामाल बरी आहे? तिला दोन्ही रुमाल शोभतात असं सांगा. तक्रार क्रमांक ४१७ बद्दल: घोडा राहू द्या, आमच्याकडे लवकरच एक होतोय. कोटही राहू द्या, उन्हाळा आला. गुरुवारी बातकेनला एक जागा पाहिजे. मागे, पुढे, दाराशी, तुम्ही म्हणाल तिथे. कंबर टेकली म्हणजे झालं. पेटीबिटी काही नाही. तिकडे दोघीजणी खोळंबल्यात. उत्तर लवकर लिहा.